गुडघ्याला कव्हर

प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ऑइलपेंटनं माणसाची अब्रू लिहिता येते, हे मला माझ्या साडूनं शिकवलं. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा तो. आजऱ्याजवळच्या एकाच घरात आम्ही दोघे जावई. तो थोरला, मी धाकटा. त्याची काजू फोडायची शेड आहे आणि बोलणंही तसंच, आधी टरफल फोडायचं, मग आतलं खायचं. साडू-साडूचं नातं देवानं शत्रुत्वासाठीच काढलंय हे मला मान्य आहे. पण शत्रुत्वालाही काही रीत असते. हा माणूस रीत पाळत नाही.

म्हाईला, म्हणजे सासरच्या गावच्या बकऱ्याच्या जत्रेला, पंगत बसली होती. सोप्यात लांबलचक सतरंजी, समोर पत्रावळ्या, आणि आम्ही जावई मानाच्या जागेवर. मी मांडी घालायला खाली वाकलो. माझा उजवा गुडघा म्हणाला 'कट्'. डाव्याला वाटलं आपण मागं राहिलो, तो म्हणाला 'कडाड'. माझ्या दोन गुडघ्यांत जुनी भाऊबंदकी आहे, एकानं काही केलं की दुसऱ्यानं वरचढ केलंच पाहिजे. त्या आवाजानं कोंबड्या माडीवर चढल्या. परड्यात बांधलेलं बकरं, ज्याचा नंबर दुसऱ्या दिवशी होता, त्यानं चरणं थांबवून माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"फुटला!" साडू ओरडला. "काजू फुटला! अख्खा निघाला का तुकडा, बघा की कोणतर!"

सगळी पंगत हसली. सासरे हसले नाहीत. ते नुसते मिशीवर हात ठेवून बघत राहिले, आणि ते जास्त लागलं. जेवण झाल्यावर मला उठता येईना. दोन मेव्हण्यांनी दोन काखांत हात घालून मला वर काढलं, विसर्जनाचा गणपती परत पाण्याबाहेर काढल्यासारखं. संध्याकाळी चहाला अंगणात आलो तर पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली, आणि तिच्या पाठीवर लाल ऑइलपेंटनं, भांड्यावर नाव घालतात तसं सुबक अक्षरात लिहिलेलं: 'धाकटे जावई'. अजून ओलं होतं. मी टेकलो असतो तर ते माझ्या सदऱ्यावरही उमटलं असतं, आणि साडू त्याचीच वाट बघत होता.

"पावणं, रागावू नका," तो म्हणाला. "सोय केली. पुढच्या वर्षीपासनं पंगतीच्या टोकाला ही टाकायची. म्हातारीकोतारी बसतात तितं."

"पुढच्या वर्षी मी खाली बसणार," मी म्हणालो.

"बसशीला की. खाली पडायला काय कष्ट पडतात? उठायचं बोला."

"उठणार. हात न टेकता."

"कुणाच्या खांद्याला न धरता?"

"तुमच्या तर नक्कीच न्हाय."

"मग ऐका समद्यांनी," साडूनं आवाज चढवला, तसा तो चढलेलाच असतो. "पावणं हात न टेकता उठलं तर मी माझ्या हातानं ही अक्षरं पुसतो. न्हाय उठलं तर खुर्ची जन्माची त्यांची. घरी घेऊन जावावी, दुकानात ठेवावी, काय करायचं ते करावं."

सासूबाई दारात होत्या. त्या घरात न्याय त्यांच्याकडंच असतो. त्या म्हणाल्या, "बघूया की." बस. खटला उभा राहिला.

माझं शिवाजी पेठेत मोटरसायकलच्या सीट कव्हरचं दुकान आहे. दिवसभर स्टुलावर बसून रेक्झिन शिवायचं आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं, त्यामुळं बोटं आणि जीभ सोडली तर माझ्या अंगात काहीच हलत नाही. तालमीत गेलो असतो, पण तिथं ओळखीचे इतके की माझ्या गुडघ्यांची बातमी मी घरी पोचायच्या आत गंगावेशीत पोचली असती. म्हणून गल्लीच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर नवी जिम निघाली होती, तिथं गेलो. दुसऱ्या मजल्यावर जिम काढणारा माणूस माणुसकीचा वैरी असणार. जिना चढूनच माझा पहिला आठवडा संपला.

तिथं शिकवायला इचलकरंजीची एक मुलगी होती. वजन उचलण्यात तिनं मेडलं मिळवलेली, मान माझ्या मांडीएवढी, आणि मला पहिल्या मिनिटापासून 'काका' म्हणायची. मी वयानं काका आहे हे मला माहीत आहे. पण 'काका' म्हणताना ती जी दया मिसळायची, ती मला नको होती.

"काय त्रास हाय काका?"

"त्रास काय न्हाय. खाली बसून हात न टेकता उठायचंय."

"एवढंच?"

"एवढंच? तू माझा साडू बघितला न्हाईस."

तिनं मला रिकामी दांडी खांद्यावर देऊन बैठका घालायला लावल्या. ती दांडी दिसते साधी, पण खांद्यावर आल्यावर पंचगंगेचा पूल होते. माझे गुडघे आरशासमोर आपापसात बोलायला लागले. शेजारी विशीतली पोरं होती. त्यांच्या पायांवर काळ्या, जाड, रबरी नळ्या होत्या, स्लीव्ह म्हणतात त्यांना, गुडघ्याच्या वर चार बोटं आणि खाली चार बोटं. ती पोरं भराभर बसत होती, भराभर उठत होती, आणि त्यांच्या गुडघ्यांतून चकार शब्द निघत नव्हता. मला वाटलं, सापडलं! गुडघ्याला कव्हर! जगात कव्हरचा धंदा मी करतो आणि हे मला आधी सुचू नये?

"मला त्या स्लीव्ह पाहिजेत," मी तिला सांगितलं.

"तुमास्नी नकोत."

"का?"

"नवख्या माणसाला स्लीव्ह काय करायच्यात? त्या गुडघा गरम ठेवतात, जरा आधार देतात. उठवत न्हाईत. उठायचं मांडीनं असतं. आधी बैठक नीट घाला, पाय मजबूत करा."

"माझी बैठक वाईट हाय?"

"बैठक न्हायच ती काका. तुमी वाकून हरवलेलं काय तर शोधताय."

ही भाषा! माझ्या चेहऱ्याकडं बघून ती जरा नरमली. "घ्यायच्याच असतील तर मी सांगतो ते ऐका. लई जाड नको, मधली घ्या. पाय जरासा वाकवून वाटीच्या मधोमध टेप लावा, येईल ते माप. मापाचीच घ्या. घालताना रडू आलं पाहिजे, घातल्यावर न्हाय."

हे वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि मला हे लिहायलाही काही उरलं नसतं.

पहिल्यांदा मेडिकलमध्ये गेलो. त्यानं काउंटरवर 'नी-कॅप' टाकली. खोकल्याच्या गोळीच्या रंगाची, खाली इलास्टिक लोंबणारी. "आजीसाठी का?" म्हणाला. मी दुकानातून असा बाहेर पडलो की त्याचं काचेचं दार अजून थरथरतंय.

मग शहरातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. मालक खुर्चीत बसल्या बसल्या क्रिकेट बघत होता. मला बघून त्याला दुःख झालं. उठून टेप आणला, माझा गुडघा मोजला, मोजताना जसं काही म्हशीचा खूर हातात आलाय असं तोंड केलं, आणि म्हणाला, "मीडियम."

"डबल एक्सएल द्या," मी म्हणालो.

आता हे दुसऱ्या गावच्या माणसाला समजायचं नाही. आमच्यात मापाचं घेणारा माणूस उधळ्या. मी पाचवीत घातलेली खाकी चड्डी मला नववीत बसायला लागली, तोवर ती दोरीनं बांधलेली होती. लग्नातला कोट बापानं असा शिवून घेतला की वरातीत त्यात मी आणि करवला दोघं मावलो असतो. 'वाढत्या अंगाचं घ्यावं' ही आमच्याकडं म्हण नाही, आज्ञा आहे. त्यात मी रोज बैठका घालणार, आठवड्याला मटण खाणार, मांड्या खांबासारख्या होणार. तेव्हा काय, परत नव्या घ्यायच्या?

"काका, गुडघा वाढत न्हाय," दुकानदार म्हणाला.

"तुमचा वाढत नसंल."

त्यानं डबल एक्सएल काढून दिली आणि परत क्रिकेट बघायला बसला. भारत हरत होता, त्याचा मला आनंद झाला.

गंमत बघा. रोज सकाळी मी गिऱ्हाइकाला सांगतो, "कव्हर नगाऱ्याच्या कातड्यागत ताणून बसलं पाहिजे, सैल कव्हर म्हणजे घसरगुंडी." तोंडाला फेस येईपर्यंत सांगतो. आणि स्वतःच्या गुडघ्याला मात्र वाढत्या अंगाचं घेऊन आलो. धंद्यातली अक्कल घरी न्यायची नसते, अशी काहीतरी समजूत असावी.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये ऐटीत घातल्या. घालताना रडू आलं नाही. हसूच आलं, इतक्या सुळकन गेल्या. दांडीला तिनं थोडं वजन लावलं होतं. मी खाली बसलो. गुडघे खाली आले, स्लीव्ह त्यांच्या आधी पोचल्या. पायात दोन्ही, नव्या नवरीच्या तोड्यांसारख्या. मी उठायला गेलो तर एक टाचेखाली आली आणि मी दांडीसकट मागं गेलो. रॅकच्या दांड्यांनी वजन धरलं म्हणून वाचलो. नाहीतर माझं कव्हर मलाच शिवावं लागलं असतं. आरसे चारी बाजूंनी होते, म्हणजे चार जण पडले. हसणाऱ्यांची संख्या मात्र मोजण्यापलीकडची होती.

"काका," ती मुलगी म्हणाली, "ह्या कुणाच्या मापाच्या आणल्या? हत्तीच्या?"

"वाढत्या अंगाच्या हायत."

तिनं दांडीवरचं वजन उतरवून ठेवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत करायला गेलो तर दुकानदारानं लांबूनच हात हलवला. "घातलेला माल परत न्हाय. वास येतो." खोटं नव्हतं ते. त्या स्लीव्हचा वास हा स्वतंत्र प्राणी होता. एकदा घाम प्याल्यावर तो दोरीवर वाळत घालून जाणारा नाही. बायकोनं त्या गच्चीवर टाकल्या, तर कावळ्यांनी गच्ची सोडली. शेजारीण विचारायला आली, घूस मेली का म्हणून.

तेव्हा मी ठरवलं, आता कुणाचं ऐकायचं नाही. ह्या पेठेत रेक्झिनचा बादशहा मी, आणि दोन नळ्यांसमोर हार मानू? दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मशीनवर जाड सुई लावली, आणि त्या स्लीव्ह उलट्या करून मागच्या बाजूनं दोन टिपा मारल्या. सीट कव्हरचा नियम असा की कव्हर सीटपेक्षा बोटभर लहान शिवायचं आणि ओढून चढवायचं, म्हणजे सुरकुती राहत नाही. मी तोच नियम गुडघ्याला लावला. वर राग होता, म्हणून आणखी बोटभर.

चढवायला साबणाचं पाणी लागलं. दोन्ही हातांनी ओढताना मी मेलेल्या आजोबांची नावं घेतली. पण चढल्यावर काय सांगू! खाली बसलो तर पायांनी मला परत वर फेकलं. गुडघे गप्प. त्यांच्या तोंडात कुणी बोळा कोंबल्यासारखे गप्प. जिममध्ये मी बैठका घालायला लागलो, वजन वाढवायला लागलो, आणि पुढच्या काही महिन्यांत ती मुलगी एकदा चुकून म्हणाली, "बैठक सुधारली की काका." मग माझ्या पोटऱ्यांकडं बघून तिचा आवाज बदलला. "पण ते काढा. पाय निळा पडलाय. ते कापून टाका, मी सांगतो ते ऐका. तुमी मांडीनं उठायलाय, त्यानं न्हाय."

"मग आवाज का बंद झाला?"

"आवाज काय, मांडी चांगली झाली म्हणून बंद झाला असंल."

असेल! 'असंल'वर माणूस साडूसमोर जाऊन बसतो होय? मला पुरावा होता. कव्हर घातलं की आवाज नाही. न घालता बघायची माझ्यात हिंमत नव्हती, कारण न घालता आवाज आला असता तर मी त्याच दिवशी खुर्ची आणायला गाडी पाठवली असती.

म्हाईच्या दिवशी सकाळी सासरच्या मागच्या खोलीत साबणाचं पाणी घेऊन बसलो होतो. बायको आत आली. "काय करायलाय?"

"तयारी."

तिनं माझे पाय बघितले. "निळं पडलंय."

"तोंड काळं होण्यापरास बरं."

"तुमी दोघंबी एका माळंचं मणी," ती म्हणाली आणि दार ओढून गेली. दुसरा मणी कोण, ते विचारलं नाही. सणाच्या दिवशी कशाला?

सोप्यात सतरंजी पसरली होती. टोकाला ती खुर्ची, पुसून, चकचकीत, लाल अक्षरं पंगतीकडं वळवून. साडू मुद्दाम माझ्या समोर बसला. मी पँटच्या आत कव्हर, चेहऱ्यावर शांती, असा खाली गेलो. मांडी घातली. आवाज नाही. साडूचा कान माझ्याकडं तिरपा झालेला, तो निराश होऊन सरळ झाला.

पहिली वाटी तांबडा रस्सा पिईपर्यंत मी राजा होतो. दुसऱ्या वाटीला अंगठे गेले. मटणाच्या फोडी येईपर्यंत घोटे गेले. दोन्ही मांड्यांच्या खाली काही आहे का नाही हे कळेना. खाली हात घालून बघावं तर सगळे बघणार. पंगतीतून मधेच उठायचं नाही, हा त्या घरचा नियम. सासरे हात धुवायला उठले की सगळे उठतात.

माझ्या कपाळावर घाम आला. रश्शाचा असता तर कुणाला कळलं नसतं, पण साडू काजूवाला. आत किडका आहे की चांगला हे तो बाहेरून ओळखतो.

"पावण्यास्नी वाढा की," तो म्हणाला. "कोरडं जेवायलेत."

"बास," मी म्हणालो.

"बास कसं?" साडू सासूबाईंकडं वळला. "मामी, जावई उपाशी उठला तर गाव आम्हास्नी हसंल. नळी वाढा त्यांना. मोठी."

नळी, म्हणजे मगजाचं हाड, आली. तुम्ही म्हणाल, नळी म्हणजे जावयाचा मान. व्हय. पण नळी चोखायला वेळ लागतो, आणि साडूला तोच पाहिजे होता. मी ती नळी अशी चोखली की बकऱ्याला आपला जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटलं असेल. मग भात आला, आजऱ्याचा घनसाळ, ज्याच्या वासावर शेजारच्या तालुक्यातली माणसं जेवतात. साडूनं माझ्यासाठी दोनदा मागवला. मग पांढरा रस्सा. मग परत तांबडा. सासऱ्यांचं जेवण कधीच झालं होतं, पण जावई जेवतोय म्हणून ते पत्रावळीवर रेघोट्या ओढत थांबले होते.

"पावणं, एक भाकरी?" साडू.

"तुमच्या श्राद्धाला खातो," मी म्हणालो, हळू. त्यानं ऐकलं, आणि खूश झाला. म्हणजे मी हरायला लागलो होतो.

शेवटी सासरे उठले. ते सत्तरी ओलांडलेले, पण उठताना हात तर सोडाच, मिशीही हलली नाही. सगळी पंगत उठली. मी आणि साडू बसलेलो. मग तोही उठला. एक हात जमिनीला आणि एक शेजारच्याच्या खांद्याला, पण त्याच्याकडं कोण बघतंय? सगळे माझ्याकडं बघत होते.

"या पावणं," साडू म्हणाला. "का आणू खुर्ची?"

माझे पाय माझ्याकडं नव्हते. गुडघ्याखाली मी कुणा दुसऱ्याचा होतो. पण मांड्या होत्या. वरच्या वर, जाग्यावर, त्यांना मी महिनोन्‌महिने शिव्या देत दांडीखाली वापरलं होतं. मी पाय पोटाशी ओढले, छाती पुढं टाकली, दात आवळले आणि उठलो.

टर्रर्रर्र!

असा आवाज त्या सोप्यात कधी झाला नव्हता. दोन्ही गुडघ्यांच्या कव्हरांच्या टिपा एकदम उसवल्या. डाव्याला परत मागं राहायचं नव्हतं. एक मेव्हणा "आई गं" म्हणून बसला. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

"मोडला!" साडू नाचायला लागला. "मोडला! पावण्याचा गुडघा मोडला! खुर्ची आणा, खुर्ची!"

पण मी उभा होतो. हात छातीशी, कुठंही न टेकता, उभा. आणि अडचण एकच होती, त्या दोन नळ्या फाटल्याबरोबर अडलेलं सगळं रक्त धरणाचं दार उघडल्यासारखं खाली आलं. तळपायांत जिल्ह्यातल्या सगळ्या मुंग्या जमा झाल्या. एक पाऊल टाकलं असतं तर मी रश्शाच्या बादलीत गेलो असतो. म्हणून मी जागचा हललो नाही.

साडू स्वतः खुर्ची ओढत घेऊन आला आणि माझ्या मागं लावली. "बसा पावणं. मोडल्यालं हाड उभं ठेवू नये."

"उभाच बरा हाय."

"बसा म्हणतो."

"तुमीच बसा."

"मी कशाला? मी बघतो तुमी किती येळ उभं ऱ्हाताय ते."

एवढ्यात बायकांची पंगत बसायला लागली. माझ्या हातात कुणीतरी वाढायचा डाव दिला. मी ज्या जागी उभा होतो त्याच जागेवरून वाढायला लागलो, पत्रावळ्या माझ्याकडं सरकत आल्या आणि परत गेल्या. बायको माझ्या पायांकडं बघत होती आणि पदर तोंडाला लावून हसू दाबत होती. साडू आधी माझ्याभोवती फिरला, मग भिंतीला टेकला. मग मी पडायची वाट बघता बघता त्याचा धीर सुटला आणि त्यानं ती खुर्ची ओढली, माझ्यासमोर मांडली, आणि त्यात बसून हाताची घडी घालून माझ्याकडं बघत राहिला.

सासूबाई स्वयंपाकघरातून भाताची परात घेऊन आल्या. त्यांनी आधी मला बघितलं, सरळ उभा, हातात डाव. मग थोरल्या जावयाला बघितलं, 'धाकटे जावई'वर पाठ टेकून पसरलेला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "तुमचाबी गुडघा गेला व्हय पावणं?"

साडू उठायला गेला. घाईत दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकून.